जुना सिंथ घेताना आणि घरी आणल्यावर

बेळगाव भागात जुना सिंथेसायझर (सिंथ), म्हणजे विजेवर आवाज घडवणारा की-बोर्ड, दुकानातून क्वचितच येतो. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून येतो, भजनी मंडळाच्या कपाटातून येतो, चोर्ला घाट चढून गोव्यातल्या एखाद्या बँडवाल्याकडून येतो, नाहीतर मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. विकणारा "चालू आहे की" म्हणतो आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. वाद्याची वाट लागते ती घरी आणल्यावर, पहिल्या तासाभरात. भलत्या व्होल्टेजवर लावलं जातं, बॅटरी काढल्यावर आतले आवाज पुसले जातात, ओल्या फडक्यानं गुलालाचा चिखल होतो. म्हणून कामाचा क्रम सोडायचा नाही: आधी वीज, मग मेमरी, मग बॅटरी, आणि पट्ट्या सगळ्यात शेवटी.

बघायला जाताना

आपल्याकडे कुठल्याही की-बोर्डला कॅसिओ म्हणायची सवय आहे. त्यामुळे फोनवर नावं विचारत बसू नका, मागच्या लेबलचा फोटो मागवा. त्यावर मॉडेल, व्होल्टेज आणि वॉट असे तिन्ही आकडे असतात. '१०० व्ही' असेल तर वाद्य जपानच्या बाजारातलं आहे, '१२०' किंवा '११७' असेल तर अमेरिकेतलं. दोन्ही घेता येतात, पण ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरावा लागतो.

सोबत हेडफोन, पाव इंची जॅकचा कनेक्टर, मल्टिमीटर, टॉर्च आणि एक मिडी केबल (वाद्य दुसऱ्या वाद्याला किंवा काँप्युटरला जोडणारी) ठेवा. बंद वाद्याच्या मागच्या फटींना आधी नाक लावा. सुक्या मासळीसारखा वास आला तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) गळायला लागलेत. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर निघालेल्या, सरफेस माउंटचे, म्हणजे बोर्डावर वरच्यावर सोल्डर केलेले, बारके कपॅसिटर असलेल्या वाद्यांत हे जास्त दिसतं.

चालू केल्यावर ऑर्गनसारखा लांबणारा आवाज निवडा आणि एकूण एक पट्टी दाबा. मुकी पट्टी इथं सापडते. मग पियानोचा आवाज घेऊन प्रत्येक पट्टी एकदा हलकी, एकदा जोरात वाजवा. हलकं वाजवूनही एखादी पट्टी ओरडली तर तिचा संपर्क मळलाय. ते घरी दुरुस्त होतं, घासाघीस करायला मात्र उपयोगी पडतं. पिच बेंड सोडल्यावर सूर जागेवर येतो का, सस्टेन पेडल धरतं का, मागचे दोन्ही आउटपुट चालतात का, हेही बघा. व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर मनावर घेऊ नका. आणि वाद्य निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. थंड असताना शहाण्यासारखं वागणारं वाद्य रेग्युलेटर (आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तापल्यावर अडकतं, सूर सोडतं. चहा घेऊया म्हणा, पण प्लग काढू देऊ नका.

पहिली जोडणी

१०० व्होल्टचं वाद्य आपल्या २३० व्होल्टवर लावलं की फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच जातो. यापेक्षा फसवी चूक वेगळी आहे. बाजारातले तयार स्टेप-डाउन ११० व्होल्टचे असतात. लाइन २४० वर गेली की त्यातून साधारण ११५ बाहेर पडतात. १०० च्या वाद्याला ते १५ टक्के जास्त झाले. वाद्य वाजत राहतं, पण आतला रेग्युलेटर सतत तापतो, शेजारचे कपॅसिटर वाळतात आणि सहा महिन्यांनी "अचानक" बिघाड होतो.

यावर स्वस्त उपाय गावातच आहे. मोटारी रिवाइंड करणारे बरेच जण छोटे ट्रान्सफॉर्मरही बांधून देतात. त्यांना स्पष्ट सांगा: प्रायमरी (आत येणारी बाजू) २३०, सेकंडरी (बाहेर जाणारी) १००, दोन्ही वाइंडिंग वेगळ्या, क्षमता १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर). ऑटो ट्रान्सफॉर्मर नको, कारण त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी लाइन एकमेकांना जोडलेलीच राहते. लेबलवर ३० वॉट लिहिलेल्या सिंथला १०० व्हीए भरपूर होतात आणि ट्रान्सफॉर्मर तापतही नाही. घरी आणल्यावर सेकंडरीचं व्होल्टेज आधी मीटरवर बघा, मगच वाद्य जोडा.

बरीच वर्षं बंद असलेलं वाद्य थेट बोर्डात खुपसू नका. सिरीज बल्ब लावा. वायरमनकडे असतो तोच: फेजच्या वाटेत होल्डर आणि त्यात ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एलईडी इथं चालत नाही. ट्रान्सफॉर्मर लागत असेल तर बल्ब त्याच्या २३० च्या बाजूला येतो. स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब पेटतो, वाद्य वाचतं.

झाकण उघडायची तयारी असेल तर पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजा. बोर्डावर छापलेलेच असतात, बहुधा अधिक ५ आणि अधिक-उणे १५ किंवा १२. पाच टक्क्यांच्या आत असले तर पुढे जा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून काही मिनिटं थांबा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका.

अॅडॉप्टरवर चालणाऱ्या लहान की-बोर्डात वेगळा घोळ असतो. बऱ्याच जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट लागतात आणि पिनची आतली बाजू निगेटिव्ह असते. यामाहाच्या पीएसआर मालिकेतल्या बहुतेकांना १२ व्होल्ट आणि आतली बाजू पॉझिटिव्ह. अलीकडचे कॅसिओ साडेनऊ व्होल्टवर, आत पॉझिटिव्ह. पिन बसली म्हणजे जमलं असं नाही. वाद्याच्या मागे गोलाची खूण असते, ती आणि अॅडॉप्टरवरची खूण ताडून बघा.

बॅटरी: आधी मेमरी बाहेर काढा

१९८३ चा यामाहा डीएक्स-७, १९८७ चा रोलँड डी-५०, १९८८ चा कोर्ग एम-१ या सगळ्यांचे आवाज आत एका नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर टिकून असतात. सेल उतरला की स्क्रीनवर भलतीसलती अक्षरं येतात, आवाज विचित्र होतात किंवा गप्प बसतात. पुष्कळ वाद्यं याच कारणानं "मेली" म्हणून मातीमोल विकली जातात. दुरुस्तीचा खर्च म्हणाल तर एक सीआर-२०३२ सेल, एक होल्डर आणि तासाभराचं काम.

सेल काढण्याआधी आतले आवाज काँप्युटरवर उतरवून घ्या. ऑर्केस्ट्रावाल्याच्या वाद्यात त्यानं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेली सनई किंवा बासरी असू शकते. ती दुसरीकडे कुठंच मिळायची नाही. लागतो तो यूएसबी मिडी इंटरफेस आणि विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन हा प्रोग्रॅम. नाव नसलेल्या स्वस्त यूएसबी-मिडी वायरी साध्या सुरांना चालतात; मोठा डंप, म्हणजे मेमरीतली एकगठ्ठा माहिती, आला की मधले बाइट गाळतात. इथं पैसे वाचवू नका.

डीएक्स-७ वर कृती अशी. फंक्शन दाबून १४ दाबा, स्क्रीनवर बॅटरीचं व्होल्टेज येतं. मग वाद्याचं मिडी आउट इंटरफेसच्या इनला जोडा. फंक्शनमध्येच ८ नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत गेलं की आधी मिडी चॅनल येतो, मग 'सिस इन्फो' येतं. ते 'अनअव्हेल' असेल तर यस दाबून 'अव्हेल' करा. आणखी एकदा ८ दाबल्यावर 'मिडी ट्रान्समिट' विचारतं. काँप्युटरवर रेकॉर्ड सुरू करून यस दाबा. ३२ आवाजांची फाइल बरोबर ४१०४ बाइटची भरते. एक बाइट कमी असला तरी डंप अर्धवट झाला, पुन्हा करा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिटचा, म्हणजे एवढं सगळं जायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. फाइल दोनदा घ्या आणि दोन्ही सारख्या आहेत का बघा.

आता सेल. प्लग काढून, झाकण उघडून बोर्ड मोकळा करा. सेलला दोन पत्र्याचे पाय वेल्ड केलेले असतात आणि ते बोर्डात सोल्डर केलेले असतात. मीटरवर नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो, २.७ च्या खाली आला असेल तर बदलायचाच. काढण्यापूर्वी पॉझिटिव्ह बाजूचा फोटो घ्या. ३० ते ४० वॉटची टोकदार सोल्डरिंगची इस्त्री वापरा, एकेक पाय तापवून वितळलेलं सोल्डर विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) ओढून घ्या. जोर लावून उपसलंत तर भोकातला तांब्याचा पातळ पत्रा सुटून येतो, आणि मग दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. मोकळ्या भोकांत सेलचा होल्डर बसवा. पाय जुळत नसतील तर दोन बारीक वायरींनी जोडून होल्डर चिकटवा. धातूच्या चौकटीला लागणार नाही एवढं बघा. नव्या सेलवर थेट सोल्डर कधीच करू नका, तापला तर फुटतो.

वाद्य चालू ठेवून सेल बदलला तर मेमरी जात नाही, अशी एक युक्ती सांगितली जाते. जुळली तर जुळली. चालू बोर्डावर अर्थिंगवाली इस्त्री टेकली की सेलपेक्षा कितीतरी महाग वस्तू जाते. फाइल हातात असताना असलं धाडस कशाला?

सेल बसल्यावर फाइल परत पाठवा, पण आधी वाद्याचं मेमरी प्रोटेक्ट (मेमरीवरचं कुलूप) बंद करा. ते चालू राहिलं की वाद्य डंप मुकाट्यानं नाकारतं आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. मूळ मेमरी आधीच गेली असेल तर बहुतेक गाजलेल्या मॉडेलांचे कारखान्यातले आवाज सिसेक्स फाइलच्या (मिडीवरून पाठवायच्या डंपच्या) रूपात इंटरनेटवर मिळतात.

कोर्ग पॉलिसिक्स, १९८१ चा, मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी आहे आणि ती केएलएम-३६७ नावाच्या बोर्डावर गळते. आतला अल्कली तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा, त्या जागेवर पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर कापसानं लावा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन दिवस वाळू द्या. तुटलेल्या रेषा बारीक वायरनं जोडाव्या लागतात. नंतर लिथियम सेल बसवणार असाल तर त्याच्या वाटेत १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घाला. बोर्ड बॅटरीला चार्ज करायला जातो आणि लिथियमचा हा सेल चार्ज करायचा नसतो.

पट्ट्या, गुलाल आणि भंडारा

गणपतीच्या मिरवणुकीत वाजलेलं वाद्य उघडलं की आत गुलाबी थर असतो. सौंदत्तीच्या यात्रेहून आलेलं असेल तर पिवळा. ओलं फडकं आधी लावू नका. ओला झालेला गुलाल प्लॅस्टिकमध्ये रंग सोडतो आणि फटीत जाऊन घट्ट बसतो. आधी मऊ रुंद ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. पट्ट्या वर, वाद्य तिरकं, म्हणजे भुकटी आत न जाता बाहेर पडते. कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर तीच भुकटी स्लायडरमध्ये जाते. गावातल्या मंदिरात राहिलेल्या वाद्यात झुरळं आणि पालीची अंडी हमखास सापडतात. तीही आत्ताच काढा.

पट्टी कशी काम करते हे कळलं की सफाई नेमकी होते. वेग ओळखणाऱ्या की-बोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक घुमट असतो आणि त्यात काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. एक आधी टेकते, दुसरी नंतर. दोन्हींमधला वेळ मोजून वाद्य ठरवतं की पट्टी हलकी दाबली की जोरात. पहिली टिकली मळली तर वाद्याचं गणित चुकतं आणि सूर एकदम पूर्ण जोरात येतो, दुसरी मळली तर येतच नाही. म्हणजे ओरडणारी पट्टी आणि मुकी पट्टी, रोग एकच.

स्क्रू काढताना कागदावर वाद्याची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या पॅनेलला फोड येतो. रबराची पट्टी सहसा एका सप्तकाची, १२ किंवा १३ घुमटांची असते. ती हळूच सोडवून, कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून बुडवा, धुवा, सावलीत वाळवा. कार्बनच्या टिकल्या घासायच्या नाहीत, नुसतं बोट फिरवलं तरी पुरे. खालच्या बोर्डावरचे काळे संपर्क ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं एकदाच, एकाच दिशेनं पुसा. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात. खोडरबर आणि डब्ल्यूडी-४० ही दोन "घरगुती" औषधं संपर्कांच्या मुळावर येतात.

परत बसवताना रबराच्या बारीक शेपट्या भोकांतून पूर्ण ओढल्या गेल्यात का, ते प्रत्येक ठिकाणी बघा. एक अर्धी राहिली तरी ती पट्टी दबलेली राहते आणि सूर थांबत नाही.

खरखरणाऱ्या स्लायडरला फेडरसाठीचाच स्प्रे वापरा, उदाहरणार्थ डीऑक्सिटचा एफ-५. त्याच कंपनीचा डी-५ धातूच्या संपर्कांसाठी आहे. तो स्लायडरचं वंगण धुऊन काढतो आणि स्लायडर कोरडा, सैल होतो. एक फवारा, मग पन्नास वेळा वर-खाली.

ओळखीचे रोग

रोलँड ज्युनो-१०६ (१९८४) मध्ये एका वेळी वाजणारे सहा आवाज आणि प्रत्येकाला ८००१७ए नावाची एक चिप. चिपवरचं काळं लेपन कालांतरानं वीज वाहू लागतं, मग सहातला एक सूर करकरतो, गायब होतो किंवा थांबतच नाही. की ट्रान्सपोज दाबून धरून वाद्य चालू केलं की टेस्ट मोड येतो. एकेक पट्टी वाजवत गेलात की कुठला आवाज वाजतोय त्याचा आकडा दिसतो. चिप काढून अॅसिटोनमध्ये ठेवून लेप उतरवतात, नाहीतर नव्यानं बनवलेल्या पर्यायी चिप बसवतात. पहिल्यांदाच इस्त्री हातात धरणाऱ्यानं यात पडू नये.

रोलँड जेडी-८००, डी-७० आणि एक्सपी-८० बघायला गेलात तर टॉर्च घेऊन पट्ट्यांच्या खालून बघा. वजनं चिकटवायला वापरलेला लाल गोंद पाझरून खाली येतो आणि संपर्क चिकटवतो. उन्हात उभ्या गाडीत हे जोरात होतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पट्ट्या बुडवून तो काढतात, पण ते काम कातडी आणि डोळे जाळणारं आहे. हातमोजे, गॉगल, मोकळी हवा, आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. एवढं करायचं नसेल तर ते वाद्य सोडून द्या.

फ्लॉपी ड्राइव्ह गेला असेल तर त्याच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा गोटेक बसतो. जंपर (त्यावरच्या पिना जोडणाऱ्या बारक्या टोप्या) मात्र मॉडेलप्रमाणे बदलावे लागतात.

मिरगापासून दसऱ्यापर्यंत

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात भिंती घाम सोडतात. तिथं वाद्य प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकणं म्हणजे ओल कोंडून ठेवणं. वर सुती कापड घाला, जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतल्या उबेनं ओल निघते आणि कपॅसिटरही जागे राहतात. कडक केसमध्ये ठेवणार असाल तर पाव किलो सिलिका जेल सुती पिशवीत घालून आत ठेवा. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा कामाला येतं. साधा आर्द्रतामापक केसमध्ये ठेवा. ४० ते ५५ टक्के चांगलं. कारवारकडं समुद्राची खारी हवा असते, तिथं जॅक आणि मिडीच्या पिना दर दोन-तीन महिन्यांनी पुसाव्या लागतात. बिदरकडं ओल कमी, पण धूळ फार.

खंडेनवमीला वाद्याची पूजा जरूर करा, फक्त वर कागद पसरून त्यावर हळदकुंकू वाहा. नाहीतर दुसऱ्या दिवशी स्लायडर उघडायची वेळ येते.

मांडवात काय न्यायचं

जुनं वाद्य मांडवात नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जनरेटरवर डीजेचे अॅम्प्लिफायर चढ-उतार करतात तेव्हा लाइन कशी नाचते हे ज्यानं पाहिलंय तो वाद करणार नाही. बाहेरच्या कार्यक्रमाला रोलँड एक्सपीएस-१० सारखं, भारतीय आवाज असलेलं नवं वाद्य न्या. जुन्या सिंथचे आवाजच हवे असतील तर ते घरी सॅम्पल (रेकॉर्ड) करून त्यात भरता येतात. १९७० च्या मिनीमूगचा ढंग हवा असेल तर बेहरिंगरचा मॉडेल डी आहे. नॉब फिरवून शिकायचं असेल तर कोर्गची वोल्का मालिका किंवा २०१६ चा, एका वेळी चार सूर वाजवणारा मिनिलॉग. मिनिलॉगच्या पट्ट्या बारीक आहेत, पेटीवर बसलेल्या हाताला पहिले काही दिवस अडखळायला होतं.

खरे अॅनालॉग ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे सर्किट) असलेलं वाद्य गायकासोबत घेणार असाल तर १५-२० मिनिटं आधी चालू करून तापू द्या, मगच सूर लावा. तोवर ते सरकतच राहतं, आणि पहिल्या गाण्याला काळी चार लावून बसलेला गायक तिसऱ्या गाण्याला तुमच्याकडे बघायला लागतो.